महिला आयोगाला पैसा किती येतो आणि त्यातून काम काय होतं, हे स्वतः कसं शोधायचं

महिला आयोगाचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक तर "आयोग करतो काय, नुसत्या बाइट देतो", नाहीतर "आयोगाकडे जा, ते बघून घेतील एकेकाला". दोन्ही बोलणाऱ्यांनी आयोगाचा कायदा वाचलेला नसतो आणि बजेट तर अजिबातच बघितलेलं नसतं, आणि खरं सांगायचं तर ते बघणं फार अवघड नाहीये, फक्त कुठल्या कागदात काय शोधायचं ते कळायला पाहिजे. संस्थेत काम करणारे, कॉलेजचं प्रोजेक्ट करणारे, लोकल पत्रकार, महिला सरपंच, बचत गटाच्या ताई, कुणालाही जमेल अशा पद्धतीने महाराष्ट्राचं उदाहरण धरून लिहितोय. दुसऱ्या राज्यात खात्यांची नावं बदलतील, पण पद्धत तीच.

एक गोष्ट आधीच सांगतो. पैशाचा एकटा आकडा काढून काही कळत नाही आणि तक्रारींचा एकटा आकडा काढूनही काही कळत नाही. पैसा कुठल्या रकान्यातून आला आणि त्या रकान्यातून कुठलं काम होऊ शकतं, हे जोडून बघितलं तरच चित्र कळतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: नक्की कुठल्या संस्थेबद्दल बोलतोय ते ठरवा

इथेच निम्म्या लोकांचा गोंधळ होतो. महिलांसाठीच्या सरकारी संस्था एक नाही, पाच-सहा आहेत आणि प्रत्येकीचा पैसा वेगळ्या वाटेने येतो.

राष्ट्रीय महिला आयोग दिल्लीत. कायदा १९९० चा, आयोग प्रत्यक्ष स्थापन झाला ३१ जानेवारी १९९२ ला, पहिल्या अध्यक्षा जयंती पटनायक. पैसा केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाच्या बजेटमधून. महाराष्ट्र राज्य महिला आयोग हा वेगळा, त्याचा राज्याचा स्वतःचा कायदा आहे १९९३ चा, ऑफिस मुंबईत, पैसा राज्याच्या महिला व बाल विकास विभागाकडून. दिल्लीचा आयोग हा राज्य आयोगाचा बॉस नाही, त्यामुळे राज्य आयोगाच्या पैशाबद्दल दिल्लीला पत्र लिहून उपयोग नसतो, तरी लोक लिहितात.

मग माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ. २४ फेब्रुवारी १९७५ ला, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात स्थापन झालेलं. हे आयोग नाही, कंपनी कायद्याखालची सरकारी कंपनी आहे, बचत गट आणि उपजीविकेचं काम करते, २००३ पासून राज्यात बचत गटांसाठीची नोडल संस्था आहे. तेजस्विनी कार्यक्रमासाठी तिला आयफॅड या आंतरराष्ट्रीय संस्थेचाही पैसा मिळाला होता. काही गावं मिळून तिची लोकसंचालित साधन केंद्रं, म्हणजे बचत गटांनीच चालवलेली केंद्रं, असतात. म्हणजे माविमचा हिशोब काढायचा तर कंपनीचा वार्षिक अहवाल आणि ताळेबंद मागायचा, आयोगासारखं नुसतं अनुदान बघून भागत नाही.

त्याशिवाय पुण्याचं महिला व बाल विकास आयुक्तालय, त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी, आणि सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे अत्याचार झालेल्या महिलांना एकाच जागी मदत देणारं केंद्र. अंगणवाड्यांचं आयुक्तालय पुन्हा वेगळं, ते नवी मुंबईत.

आणि हो, लाडकी बहीण. २०२४ च्या जुलैपासून महिना १५०० रुपये देणारी योजना याच विभागाच्या नावावर आहे, त्यामुळे विभागाचं एकूण बजेट बघितलं तर आकडा प्रचंड दिसतो आणि कुणीतरी लगेच म्हणतं की महिलांसाठी एवढे हजारो कोटी आहेत की! तो पैसा थेट बँक खात्यात जाणारा आहे, त्यातला एक रुपया पण आयोगाच्या समुपदेशकाच्या पगाराला वापरता येत नाही. विभागाचं बजेट म्हणजे आयोगाचं बजेट नाही, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

दुसरी पायरी: कायदा काढून फक्त पैशाची आणि कामाची कलमं वाचा

पूर्ण कायदा वाचायची गरज नाही, छोटा आहे तसा, पण राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यातली ही कलमं तरी वाचाच.

कलम ३ मध्ये रचना आहे: एक अध्यक्ष, पाच सदस्य, एक सदस्य सचिव. सदस्यांत अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीचा किमान एकेक हवाच. कलम ४ प्रमाणे मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. कलम १० मध्ये कामांची यादी आहे, १४ कामं: कायद्यांचा आढावा, तक्रारी बघणं, स्वतःहून दखल घेणं, तुरुंग आणि सुधारगृहांची पाहणी, संशोधन, मोठ्या संख्येने महिलांवर परिणाम करणाऱ्या खटल्यांना पैसे देणं वगैरे. ही यादी प्रिंट काढून ठेवा, पुढे लागणार आहे.

कलम ११ हे पैशाचं मूळ. संसदेने मंजुरी दिल्यावर केंद्र सरकार आयोगाला अनुदान देईल, पण किती, तर सरकारला योग्य वाटेल तेवढं. म्हणजे कायद्याने कुठलाही किमान आकडा किंवा टक्का ठरवलेला नाही. ज्या सरकारवर लक्ष ठेवायचं त्याच सरकारने दरवर्षी किती द्यायचं ते ठरवायचं. माझ्या मते आयोगाच्या स्वायत्ततेबद्दलची सगळी चर्चा या एका कलमापासून सुरू व्हायला पाहिजे, पण लोक अध्यक्ष कुठल्या पक्षाच्या यावरच अडकतात.

कलम ६ पण बघा: अध्यक्ष, सदस्य, कर्मचारी यांचे पगार-भत्ते याच अनुदानातून जातात. त्यामुळे अनुदान वाढलं अशी बातमी आली तरी ती वाढ पगारवाढीतच संपली का, हा प्रश्न विचारावाच लागतो.

कलम १२ नुसार आयोगाच्या हिशोबाचं ऑडिट कॅग, म्हणजे देशाचा नियंत्रक व महालेखापरीक्षक करतो. कलम १३-१४ नुसार वार्षिक अहवाल आणि ऑडिट अहवाल संसदेत ठेवायचा, सोबत शिफारशींवर सरकारने काय केलं आणि मान्य केल्या नाहीत तर का नाही, याचं टिपण जोडायचं. हे टिपण म्हणजे सोनं आहे, पण फार कमी लोक मागतात.

राज्य आयोगासाठी १९९३ च्या कायद्याची प्रत शासनाच्या वेबसाइटवरून काढा आणि त्यात हीच चार ठिकाणं पेनाने खुणा करून ठेवा: अनुदान कोण देणार, हिशोब कोण तपासणार, अहवाल कधी आणि कुणासमोर ठेवायचा, कर्मचारी कोण पुरवणार.

आणि अधिकारांबद्दल. चौकशी करताना दिवाणी कोर्टासारखे काही अधिकार आयोगाला आहेत: समन्स काढणं, शपथेवर जबाब घेणं, कागद मागवणं, सरकारी ऑफिसातलं रेकॉर्ड मागवणं. शिक्षा करायचा, अटक करायचा, पोटगी ठरवायचा अधिकार नाही. आयोग शिफारस करतो, पोलिसांना आणि खात्याला सांगतो, अहवाल मागतो. त्यामुळे "आयोगाने किती जणांना शिक्षा केली" हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि काम मोजताना हे विसरलात तर पुढचा सगळा हिशोब वाकडा जातो.

तिसरी पायरी: बजेटमध्ये ओळ शोधा

राज्याच्या वित्त विभागाच्या वेबसाइटवर दरवर्षी खातेनिहाय सविस्तर अंदाजांची पुस्तकं पीडीएफमध्ये येतात. महिला व बाल विकास विभागाचं पुस्तक उघडा आणि मुख्य लेखाशीर्ष (खर्चाच्या विषयाचा बजेटमधला क्रमांक) २२३५ शोधा, म्हणजे सामाजिक सुरक्षा व कल्याण. त्यात ०२ हे समाजकल्याण आणि त्याखाली १०३ हे महिला कल्याण. आयोग, वसतिगृहं, आधारगृहं, समुपदेशन असे विषय याच्या आसपास सापडतात. पोषण आहार २२३६ मध्ये असतो, तो यात मिसळू नका, नाहीतर अंगणवाडीच्या खाऊचे पैसे आयोगाच्या नावावर धराल.

प्रत्येक ओळीसमोर चार रकाने दिसतील. गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातम्यांत येतो तो शेवटचा. विश्वास ठेवायचा तो पहिल्यावर. त्यामुळे एकाच वर्षाचं खरं चित्र पाहिजे तर सलग तीन वर्षांची पुस्तकं लागतात: एकात अंदाज, दुसऱ्यात सुधारित, तिसऱ्यात प्रत्यक्ष. एक्सेलमध्ये हे तीन रकाने शेजारी ठेवा, फरक आपोआप ओरडतो.

मग त्या ओळीच्या आत उतरा. महाराष्ट्रात खर्चाच्या प्रकाराला दोन अंकी उद्दिष्टशीर्ष असतं. ०१ म्हणजे वेतन, ११ देशांतर्गत प्रवास खर्च, १३ कार्यालयीन खर्च, २६ जाहिरात व प्रसिद्धी, ३१ सहायक अनुदान वेतनेतर, ३६ सहायक अनुदान वेतन. संस्थेला अनुदान ३१ खाली एकगठ्ठा दिलेलं असेल तर पुस्तकात आतला तपशील दिसणार नाही, तो संस्थेच्या हिशोबातून काढावा लागतो, आरटीआयची, म्हणजे माहिती अधिकाराची पायरी त्यासाठीच आहे.

एक काल्पनिक उदाहरण घ्या म्हणजे कळेल. समजा आयोगाला वर्षाला १० कोटी मिळाले. त्यात पगार आणि कंत्राटी मनुष्यबळ ६ कोटी, भाडं-वीज-गाड्या-टेलिफोन १.५ कोटी, प्रसिद्धी १ कोटी, उरले १.५ कोटी ते संशोधन, जनसुनावणी, कायदेविषयक शिबिरं सगळ्याला. आता वरवर बघणारा म्हणेल की साठ टक्के पगारावर उधळले. पण तक्रार ऐकणं हे माणसाचंच काम आहे, समुपदेशक आणि वकील हेच या संस्थेचं हत्यार, त्यामुळे पगाराचा टक्का जास्त असणं हे मुळात वाईट नाहीच. बघायचं हे की त्या ६ कोटीत तक्रारी हाताळणारे किती आणि इतर किती. संस्था जेव्हा पगार कमी आणि प्रसिद्धी जास्त असं दाखवते तेव्हा मला जास्त शंका येते.

वर्षभर पैसा कसा येतो-जातो ते बघायला बीम्स नावाची राज्याची ऑनलाइन प्रणाली आहे, तिचे काही अहवाल कुणालाही बघता येतात. तिथे लेखाशीर्ष टाकून मंजूर किती, वितरित किती, खर्च किती हे कळतं. मंजूर आणि वितरित यातला फरक नीट समजून घ्या, विधिमंडळाने मंजूर केलं तरी वित्त विभाग टप्प्याटप्प्याने सोडतो, आणि कितीतरी वेळा शेवटचा मोठा हप्ता मार्चमध्ये येतो. ३१ मार्चला न वापरलेला पैसा सहसा परत जातो. मग १५ मार्चला आलेल्या पैशातून ऑफिस काय करणार? पुस्तिका छापणार, बॅनर करणार, हॉटेलात कार्यशाळा घेणार, कारण तेवढ्या वेळात समुपदेशक नेमता येत नाही. खर्चाचा महिनावार तक्ता काढा, एप्रिल ते डिसेंबर किती आणि जानेवारी ते मार्च किती, ही एवढीच तुलना पुष्कळ काही सांगून जाते.

पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतर वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा पैसा, पण बघायला विसरू नका. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात त्या येतात, कधीकधी मूळ बजेटमध्ये कापलेलं तिथे परत येतं.

चौथी पायरी: जीआर वाचा

शासन निर्णयांच्या वेबसाइटवर विभाग निवडून "निधी वितरित" किंवा "महिला आयोग" असं शोधा. पैशाच्या जीआरमध्ये वरची प्रस्तावना वाचत बसू नका, सरळ खाली जा जिथे लिहिलेलं असतं की सदर खर्च मागणी क्रमांक अमुक, लेखाशीर्ष अमुक याखाली भागवण्यात यावा. तिथे रक्कम, आहरण व संवितरण अधिकारी (तिजोरीतून पैसे काढून देणारा) कोण, आणि अटी असतात. अटींमध्ये हमखास एक ओळ असते, आधीच्या निधीचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामालाच वापरल्याचं प्रमाणपत्र, दिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. म्हणजे हप्ता लांबला तर दोष नेहमी मंत्रालयाचाच असतो असं नाही, संस्थेने प्रमाणपत्र वेळेत दिलं का हेही विचारा.

जीआरची तारीख आणि त्याचा सांकेतांक लिहून ठेवा, आरटीआयमध्ये तो टाकला की "माहिती आढळून येत नाही" असं उत्तर देणं त्यांना अवघड जातं.

पाचवी पायरी: काम मोजा, पण आकड्यांच्या पोटात शिरून

आता तो कलम १० चा प्रिंट काढा आणि प्रत्येक कामासमोर लिहा: या वर्षात काय झालं? बहुतेक वेळा दिसतं असं की तक्रारी, जनसुनावण्या आणि जनजागृती कार्यक्रम या तीन ओळी भरलेल्या आणि कायद्याचा आढावा, तुरुंग पाहणी, संशोधन, खटल्यांना मदत यांच्यासमोर रिकामं. यात लगेच आळस आहे असं ठरवू नका, आधी बघा त्या कामाला पैसा आणि माणूस होता का. संशोधन अधिकाऱ्याचं पद मंजूरच नसेल तर संशोधन होणार कुठून.

तक्रारींच्या आकड्यात सगळ्यात फसवा शब्द "निकाली". वर्षात इतक्या हजार आल्या, इतक्या हजार निकाली काढल्या, ९० टक्के काम, टाळ्या. पण निकाली म्हणजे पोलीस ठाण्याला पत्र पाठवून फाइल बंद केली ती पण निकाली, दोघांना बोलावून समुपदेशन झालं ती पण निकाली, प्रकरण कोर्टात असल्यामुळे दाखलच करून घेतलं नाही ती पण निकाली, आणि बाई परत आल्याच नाहीत म्हणून बंद केली तीही निकाली. म्हणून आकडा मागताना फोड मागा: पोलिसांकडे पाठवल्या किती, त्यातल्या कितींचा अहवाल पोलिसांकडून परत आला, सुनावणी किती प्रकरणांत झाली, समझोता किती, दाखल न करता बंद किती. पोलिसांचा अहवाल परत आला का, हा माझा आवडता प्रश्न आहे, तिथे भले भले आकडे कोसळतात.

राष्ट्रीय आयोगाने तर कुठल्या तक्रारी घेत नाही ते जाहीरच केलेलं आहे: निनावी किंवा अस्पष्ट, निव्वळ दिवाणी वाद, कोर्टात चालू असलेलं प्रकरण, राज्य आयोगाकडे आधीच असलेलं प्रकरण, महिला हक्कांशी संबंध नसलेली नोकरीतली तक्रार. त्यामुळे दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

"एका तक्रारीमागे खर्च किती" असा भागाकार करायचा मोह होतो. करू नका, निदान एकटा छापू नका. पत्र पाठवून मोकळी होणारी संस्था स्वस्त दिसते आणि चार-चार बैठका घेऊन पोटगीपर्यंत साथ देणारी महाग. टिसने, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष बघा, तिथे काम करायला प्रशिक्षित समाजकार्यकर्ते लागतात, वेळ लागतो, आणि ते मॉडेल पुढे राज्याने स्वतःच्या खर्चाने अनेक जिल्ह्यांत नेलं कारण उपयोग दिसला. भागाकारात ते कधीच जिंकलं नसतं.

पदांचाही तक्ता करा. मंजूर किती, भरलेली किती, कंत्राटी किती, प्रतिनियुक्तीवर किती. आणि अध्यक्ष-सदस्य आहेत का! राज्य महिला आयोगाचं अध्यक्षपद २०२० च्या फेब्रुवारीपासून २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत रिकामं होतं, म्हणजे नेमका कोविडचा काळ, घरगुती हिंसाचाराचा विषय सगळीकडे गाजत होता तेव्हा. ऑफिस चालू असतं, पगार चालू असतात, पण सुनावणी घ्यायला आणि सरकारला टोकायला वर कुणी नसतं. हे नुकसान कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

सहावी पायरी: आरटीआय, पण नीट लिहिलेला

वेबसाइटवर काय आहे ते आधी बघा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने १७ बाबी स्वतःहून जाहीर करायच्या असतात, त्यात बजेट आणि कर्मचाऱ्यांचा पगार पण येतो. तिथे २०१६ ची माहिती पडून असेल तर तेच अर्जात लिहा.

महाराष्ट्रात अर्जाची फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, ऑनलाइन पण भरता येते. दारिद्र्यरेषेखालच्यांना पुरावा जोडला की फी नाही. राज्याच्या नियमात दोन अडचणी आहेत, एका अर्जात एकच विषय आणि शब्द साधारण १५०. म्हणून पैशाचा अर्ज वेगळा, तक्रारींचा वेगळा, पदांचा वेगळा. सगळं एकात कोंबलं की पहिल्या विषयाचं उत्तर येतं आणि बाकीचं "स्वतंत्र अर्ज करावा".

पैशाच्या अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल:

"विषय: राज्य महिला आयोगास प्राप्त निधी व खर्च, मागील ३ आर्थिक वर्षे. खालील कागदांच्या प्रती द्याव्यात. १) प्रत्येक वर्षी मागणी केलेला, मंजूर, प्राप्त व खर्च झालेला निधी, उद्दिष्टशीर्षनिहाय. २) महिनानिहाय खर्चाचा तक्ता. ३) शासनास सादर केलेली उपयोगिता प्रमाणपत्रे. ४) अंतर्गत व वैधानिक लेखापरीक्षणातील आक्षेप व त्यांचे अनुपालन. ५) समर्पित केलेल्या निधीचे आदेश."

यात "मागणी केलेला" हा शब्द मुद्दाम आहे. संस्थेने २० मागितले आणि ८ मिळाले, की तिने मागितलेच ८, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि दोष कुणाकडे जातो ते तिथेच ठरतं. पाचव्या मुद्द्यातला समर्पित निधी म्हणजे न वापरता परत केलेला.

का, कसं, योग्य आहे का, असले प्रश्न आरटीआयमध्ये घालू नका, मतं द्यायला जन माहिती अधिकारी बांधील नसतो, कागद मागा. तक्रारदार महिलांची नावं-पत्ते तर अजिबात मागू नका, मिळणार पण नाहीत आणि मिळायलाही नकोत, फक्त संख्या आणि प्रकार मागा.

३० दिवसांत उत्तर यायला हवं. चुकीच्या ऑफिसला गेला असेल तर त्यांनी ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा. उशीर झाला तर माहिती फुकट द्यावी लागते, हे लोक विसरतात आणि पानाचे २ रुपये प्रमाणे भरून टाकतात. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प, ते त्याच ऑफिसातल्या वरिष्ठाकडे. पुढे ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, तिथे मात्र लाइन मोठी असते, धीर ठेवा. बहुतेक कामाचे कागद पहिल्या अपिलालाच बाहेर पडतात असा अनुभव आहे, त्यामुळे पहिलं अपील आळस न करता कराच.

सातवी पायरी: जिल्ह्यात आणि गावात उतरा

मुंबईतल्या आयोगापेक्षा बाईच्या जवळचं काय असतं, तर तालुक्यातला संरक्षण अधिकारी (घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात मदत करणारा), जिल्ह्यातलं सखी सेंटर आणि ग्रामपंचायत. त्यामुळे तुमच्याकडे वेळ कमी असेल तर वरच्या पायऱ्या भराभर करा आणि इथे वेळ घाला.

सखी वन स्टॉप सेंटर २०१५ पासून सुरू झाले. एकाच छताखाली वैद्यकीय मदत, पोलीस मदत, कायदेशीर सल्ला, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा. आता हे मिशन शक्ती या केंद्राच्या महिलांसाठीच्या योजनेच्या संबल भागात येतात, पैसा शंभर टक्के केंद्राचा. मिशन शक्तीच्या दुसऱ्या भागात, सामर्थ्यमध्ये, बहुतेक राज्यांसाठी केंद्र ६० आणि राज्य ४०. म्हणून सखी सेंटरच्या कर्मचाऱ्यांचे पगार थकले तर केंद्राचा पैसा आला का ते विचारायचं आणि सामर्थ्यमधल्या योजनेचा पैसा अडकला तर राज्याचा हिस्सा आला का ते आधी बघायचं. सेंटरला प्रत्यक्ष जा. रात्री फोन उचलतात का, महिला पोलीस आहे का, वाहन आहे का, बाथरूमला पाणी आहे का. हे कुठल्याच जीआरमध्ये कळत नाही.

जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बाल विकासासाठी राखून ठेवायचं धोरण राज्याने केलेलं आहे. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागा आणि त्या ३ टक्क्यांतून कुठली कामं घेतली त्याची यादी मागा. यादीत भिंत, इमारत, रंगरंगोटी किती आणि सेवा किती, एवढं बघितलं तरी पुरे.

जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत दोघांनीही स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामपंचायतीत ते शोधणं सगळ्यात सोपं: नमुना १ मध्ये अंदाजपत्रक असतं, स्वउत्पन्न किती ते बघा, दहा टक्के काढा, महिला बालकल्याणाच्या ओळीशी जुळवा. महिला ग्रामसभेत हा प्रश्न उठवा, आणि उठवणारी एकटी नको, चार-पाच जणी एकत्र बसा, एकटीला "नंतर सांगतो ताई" म्हणून बसवतात. वर्षानुवर्षं शिलाई मशीन वाटपातच हा पैसा जातो, मशीन वाईट नाही, पण गावात आधीच चाळीस मशीन धूळ खात असतील तर एक्केचाळिसावं कशाला?

लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ चा, त्यानुसार जिल्ह्यात स्थानिक समिती असते, दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणच्या आणि घरकामगार महिलांसाठी. तिचे सदस्य कोण, शेवटची बैठक कधी, वार्षिक अहवाल दिला का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. समिती कागदावर आहे का खरोखर आहे, हे पंधरा मिनिटांत कळतं.

जेंडर बजेटबद्दल थोडंसं

केंद्र सरकार २००५-०६ पासून बजेटसोबत जेंडर बजेटचं, म्हणजे बजेटमधला किती पैसा महिलांसाठी आहे त्याचं विवरणपत्र देतं. भाग अ मध्ये शंभर टक्के महिलांसाठीच्या योजना, भाग ब मध्ये ३० ते ९९ टक्के, आणि २०२४-२५ पासून भाग क, ३० टक्क्यांपेक्षा कमी. २०२५-२६ चा एकूण आकडा सुमारे ४.४९ लाख कोटी, एकूण बजेटच्या ८.८६ टक्के. वाचायला भारी वाटतं, पण ग्रामीण घरकुल योजना अनेक वर्षं पूर्णच्या पूर्ण भाग अ मध्ये दाखवली जात होती, घर कुटुंबाचं असतं हे सोडून द्या. महिला आयोगासारख्या संस्थेचा पैसा या लाखो कोटींत शोधायला गेलात तर भिंग लागेल. त्यामुळे जेंडर बजेटचा आकडा आणि समानतेसाठी काम करणाऱ्या संस्थांचा आकडा नेहमी दोन वेगळ्या ओळीत लिहा.

आठवी पायरी: काढलेलं कुठे न्यायचं

आधी ते संस्थेलाच दाखवा. आयोगाच्या सदस्य सचिवांना एक पानी टिपण पाठवा, चूक असेल तर सांगा म्हणा. कधीकधी ऑफिसातले लोकच खूश होतात कारण पदं भरा म्हणून तेही वर्षानुवर्षं पत्रं लिहीत असतात आणि बाहेरून कुणी बोललं की त्यांना बळ मिळतं. संस्थेला बदडायला हे करतोय असा सूर ठेवलात तर पुढच्या वर्षी कागद मिळायला त्रास होणार, हे पण लक्षात घ्या.

मग आमदार. टीका करणारं दहा पानी निवेदन कुणी वाचत नाही, तयार प्रश्न द्या: राज्य महिला आयोगातील मंजूर व रिक्त पदे किती, रिक्त पदे भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली, अमुक वर्षी किती निधी समर्पित झाला. तारांकित प्रश्नाला सरकारला उत्तर द्यावं लागतं आणि ते रेकॉर्डवर राहतं. विधिमंडळाची महिला व बालकांचे हक्क आणि कल्याण समिती आहे, ती जिल्हा दौरे करते, दौरा तुमच्या जिल्ह्यात असेल तर टिपण घेऊन भेटा. आयोगाचा वार्षिक अहवाल सभागृहात ठेवलाच नसेल तर तोच एक प्रश्न पुरेसा आहे.

वेळ साधायची असेल तर पुढच्या वर्षाच्या बजेटचे प्रस्ताव विभागात हिवाळी अधिवेशनाच्या आधीच हलायला लागतात, मार्चमध्ये भाषण होतं तेव्हा सगळं ठरलेलं असतं. म्हणजे आरटीआय जून-जुलैत टाका, पहिलं अपील धरून सप्टेंबरपर्यंत कागद हातात येतात, ऑक्टोबरमध्ये टिपण तयार. अजून एक, कुणी बाई हे सगळं वाचताना स्वतःच्याच अडचणीत असेल तर या हिशोबात पडू नका, १८१ ला फोन करा, जिवावर बेतलं असेल तर ११२, आणि राष्ट्रीय आयोगाचा चोवीस तास चालणारा नंबर ७८२७१७०१७० आहे.